विमानाला बोट दिसते, पकडता येत नाही
सागरी गस्तीची विमानं : गैरसमज आणि वस्तुस्थिती

रात्री समुद्रात एलईडी दिवे लावून बेकायदा मासेमारी करणाऱ्या बोटींचा झगमगाट दिसला की दुसऱ्या दिवशी बंदरावर एक प्रश्न हमखास निघतो: सरकार कोट्यवधींची विमानं घेतं, मग यांना कोणी धरत का नाही? प्रश्न रास्त आहे. पण विमान कोणाचं, पैसा कोणाचा आणि पाणी कोणाचं, याची त्यात सरमिसळ झालेली असते.

गैरसमज : गस्तीची विमानं मत्स्यव्यवसाय विभागाची असतात.

वस्तुस्थिती : ती भारतीय तटरक्षक दलाची असतात आणि हे दल संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत येतं. किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे साधारण २२ किलोमीटरपर्यंतची मासेमारी हा राज्याचा विषय आहे. महाराष्ट्रात त्यासाठी १९८१ चा सागरी मासेमारी नियमन अधिनियम आहे. त्यापुढे २०० सागरी मैलांपर्यंतचं अनन्य आर्थिक क्षेत्र केंद्राकडे. देशभरात ते सुमारे २० लाख चौरस किलोमीटर भरतं.

तटरक्षक दल आतल्या पाण्यातही गस्त घालतं. मात्र १९७८ च्या कायद्याने त्याच्यावर टाकलेली कामं बरीच आहेत: संकटातल्या मच्छीमारांना मदत, तस्करीला आळा, सागरी प्रदूषणावर लक्ष, परकीय बोटींवर नजर. बेकायदा पर्ससीन जाळ्यांची मासेमारी रोखणं हे त्या लांबलचक यादीतलं एक काम.

गैरसमज : मंजुरीची बातमी आली, म्हणजे विमान आलं.

वस्तुस्थिती : लष्करी खरेदीला मान्यता देणाऱ्या संरक्षण संपादन परिषदेची मंजुरी म्हणजे फक्त 'गरज मान्य'. त्यानंतर निविदा, चाचण्या, किमतीची घासाघीस, वित्तीय मंजुरी, मग करार. करार झाल्यावर बांधणी सुरू होते.

३ सप्टेंबर २०२४ ला परिषदेने १० प्रस्तावांना मिळून १,४४,७१६ कोटी रुपयांची मंजुरी दिली. तटरक्षक दलाची डॉर्नियर-२२८ ही गस्तीची विमानं त्यांपैकी एका प्रस्तावात होती. आकडा मोठा, पण त्यात रणगाड्यांसारख्या इतर गोष्टीही होत्या आणि त्या दिवशी एकही करार झालेला नव्हता. याउलट मार्च २०२४ मध्ये ३४ ध्रुव हेलिकॉप्टरांसाठी ८,०७३.१७ कोटींचा करारच झाला. त्यांतली ९ तटरक्षक दलाची. पहिली बातमी इराद्याची, दुसरी सौद्याची. बातमी वाचताना 'मान्यता' शब्द आहे की 'करार', एवढं पाहिलं तरी निम्मा गोंधळ मिटतो.

पैसाही एकदम हातात पडत नाही. तो वर्षावर्षाच्या भांडवली तरतुदीतून हप्त्याने दिला जातो. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात तटरक्षक दलाची एकूण तरतूद ९,६७६.७० कोटी होती, त्यात भांडवली खर्चाला ५,००० कोटी. आदल्या वर्षी हीच भांडवली तरतूद ३,५०० कोटी होती. जहाजं, विमानं, हेलिकॉप्टरं सगळं याच रकमेत बसवायचं असतं.

गैरसमज : अशी विमानं परदेशातूनच येतात.

वस्तुस्थिती : डॉर्नियरचा आराखडा मूळचा जर्मन, पण १९८३ च्या परवाना करारानंतर हिंदुस्तान एरोनॉटिक्स ती कानपूरला बांधते.

गैरसमज : विमान वरून गेलं की बोट पकडलीच.

वस्तुस्थिती : विमान पाहतं आणि नोंदवतं, एवढंच. डॉर्नियरच्या पोटाखालचा रडार दूरवरच्या बोटी ठिपक्यांसारख्या दाखवतो. संशय आला तर वैमानिक विमान खाली आणतो, कॅमेरा रोखला जातो आणि 'आयएनडी-एमएच'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक वाचायचा प्रयत्न होतो. क्रमांक पुसट असेल किंवा जाळ्याने झाकलेला असेल, तर हाती राहतात वेळ, अक्षांश-रेखांश आणि छायाचित्र. बोटीवर चढून परवाना तपासायचा, तर गस्तीनौकाच लागते.

तिथूनही पुढचं काम कागदावरचं. महाराष्ट्रात पूर्वी अशी प्रकरणं तहसीलदारांपुढे चालत. २०२१ च्या दुरुस्तीने तो अधिकार मत्स्यव्यवसाय विभागाच्या अधिकाऱ्यांकडे आला आणि दंडही जबर वाढला.

गैरसमज : २०० मैलांच्या आत परदेशी बोट दिसली, म्हणजे घुसखोरीच.

वस्तुस्थिती : त्या पट्ट्यातून परदेशी बोटीला जाता येतं. परवान्याशिवाय मासेमारी करता येत नाही आणि जाताना जाळी-साहित्य आवरून ठेवावं लागतं, असं परकीय बोटींसाठीचा १९८१ चा केंद्रीय कायदा सांगतो. म्हणून हवेतून टिपलेल्या फोटोत ध्वजापेक्षा महत्त्वाचं असतं ते जाळं पाण्यात आहे की डेकवर, हे.

गैरसमज : ड्रोन आले, आता विमानं कशाला?

वस्तुस्थिती : दोघांचं पाणी वेगळं. ९ जानेवारी २०२५ ला महाराष्ट्राने भाड्याच्या ९ ड्रोनद्वारे देखरेख सुरू केली. शिरगाव, उत्तन, ससून डॉक, मिरकरवाडा, देवगड ही त्यांतली काही ठिकाणं. हा राज्याचा खर्च, राज्याच्या १२ मैलांसाठी. खोल समुद्रात तासन्‌तास फिरणं, वादळाआधी बोटींना परत बोलावणं, बेपत्ता खलाशांचा शोध, ही कामं विमानाचीच.

तिसरी सोय ट्रान्सपाँडरची, म्हणजे बोटीचं ठिकाण कळवणाऱ्या यंत्राची. ३० ऑगस्ट २०२४ ला पालघरहून सुरू झालेल्या ३६४ कोटींच्या योजनेत देशातल्या एक लाख बोटींवर इस्रोने विकसित केलेले ट्रान्सपाँडर मोफत बसवायचे आहेत. प्रामाणिक तांडेलाची बोट यात आपोआप ओळखू येते, म्हणजे विमानाला संशयितांवरच वेळ घालवता येतो. ज्याने यंत्रच बंद ठेवलं, त्याला शोधायला मात्र डोळेच लागतात.

तेव्हा तक्रार करताना दार नीट ओळखायला हवं. १२ मैलांच्या आतली एलईडी बोट असेल, तर जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाला विचारा: ड्रोन किती तास उडाला, किती बोटींवर प्रतिवेदनं दाखल झाली, किती दंड वसूल झाला? त्यापलीकडचा प्रश्न खासदारामार्फत संसदेत गेला पाहिजे आणि तिथे किती विमानं मंजूर झाली यापेक्षा किती ताफ्यात आली, हे विचारलं पाहिजे.