ताटात किती, पोटात किती?

‘काल काय जेवलात?’ हा प्रश्न जितका साधा, तितकेच त्याचे अचूक उत्तर अवघड. दोन जेवणांमधला चहा, त्यातील साखर, औषधाबरोबर घेतलेले बिस्किट सहज विसरले जाते. पानात वाढलेले किती आणि टाकलेले किती, याचा हिशेब तर कोणीच ठेवत नाही. पोषणशास्त्रातील आहार-सर्वेक्षणे याच अडचणीतून वाट काढत आली आहेत. त्यांची पद्धत ज्येष्ठांची काळजी घेणाऱ्यांनी समजून घेण्याजोगी आहे; कारण उतारवयात आहार घटतो तो बहुधा कोणाच्या लक्षात न येता.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९७२ साली राष्ट्रीय पोषण निरीक्षण ब्यूरो स्थापन केला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतून त्याचे काम चाले. महाराष्ट्रासह अनेक राज्यांत त्याने घरोघरी पाहण्या केल्या. त्यांत ‘चोवीस तासांची स्मरणपद्धत’ प्रामुख्याने वापरली गेली. पाहणी करणारे ठरावीक मापांच्या वाट्या सोबत नेत आणि स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीलाच विचारत : कच्चा शिधा किती घेतला? शिजल्यावर पदार्थ किती झाला? त्यातील कोणाच्या वाट्याला किती आला?

या तीन प्रश्नांचे मर्म एका उदाहरणाने स्पष्ट होईल. दीडशे ग्रॅम तूरडाळीचे दहा वाट्या वरण झाले आणि आजींनी एक वाटी घेतली, तर त्यांच्या पोटात गेली केवळ १५ ग्रॅम डाळ; म्हणजे सुमारे ३ ग्रॅम प्रथिने. तेच वरण घट्ट, पाच वाट्या झाले असते, तर त्याच वाटीतून दुप्पट प्रथिने मिळाली असती. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढांना शरीराच्या दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने हवीत. पन्नास किलो वजनाच्या व्यक्तीसाठी हा आकडा सुमारे ४२ ग्रॅम होतो. ‘रोज वरण-भात खातात’ एवढ्या उत्तरावर समाधान का मानू नये, हे यावरून कळते.

स्मरणपद्धतीला मर्यादाही आहेत. शरीराने प्रत्यक्ष खर्चिलेली ऊर्जा मोजून पाहता, लोक खाल्ल्यापेक्षा कमी सांगतात, असे संशोधनात वारंवार आढळले आहे. घरातील वृद्धांबाबत उलटही घडते. मुलांना काळजी नको म्हणून ‘पोटभर जेवले’ असे सांगितले जाते, किंवा जेवल्याचे नीट आठवतच नाही. शिवाय एका दिवसाच्या नोंदीवरून नेहमीचा आहार ठरत नाही. म्हणूनच सण-उपासाचे दिवस अशा पाहणीत सहसा टाळतात आणि शक्य तेथे एकाहून अधिक दिवसांची नोंद घेतात.

घरच्या घरी हे काम एका वहीत होऊ शकते. तीन दिवस निवडावेत, त्यांत एक सुटीचा असावा. नेहमीच्या वाटीत किती पाणी मावते, ते एकदा मापून ठेवावे. जेवण संपताच वाढलेले आणि उरलेले दोन्ही लिहावे. चहा, दूध, फळ, चिमूटभर चिवडाही वगळू नये. न खाल्लेल्या पदार्थापुढे कारण लिहावे : कवळी टोचते, चव लागत नाही, एकट्याने जेवण्याचा कंटाळा. पुष्कळदा उपाय या कारणांतच सापडतो. मात्र ही नोंद ज्येष्ठांना सांगून, त्यांच्या संमतीने व्हावी. आपल्यावर पाळत आहे असे वाटले, तर माणूस घासही मोजून खाऊ लागतो आणि नोंद फसवी ठरते.

वहीला वजनकाट्याची जोड द्यावी. प्रयत्न न करता सहा ते बारा महिन्यांत वजन पाच टक्क्यांहून अधिक घटले, म्हणजे साठ किलोंमागे तीन किलोंहून जास्त, तर डॉक्टरांना अवश्य भेटावे आणि ही वही सोबत न्यावी. मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रथिने स्वतःच्या मनाने वाढवू नयेत. ‘हल्ली जेवण कमी झाले आहे’ या मोघम तक्रारीपेक्षा तीन दिवसांच्या नोंदीतून डॉक्टरांना कितीतरी अधिक कळेल.