स्वनिर्मित विमानांच्या दर्शनी काचेवरील बाष्प

स्वनिर्मित लहान विमानाच्या दर्शनी काचेच्या आतील पृष्ठभागाचे तापमान कक्षातील हवेच्या दवबिंदूखाली गेल्यास तिच्यावर सूक्ष्म जलकण साचून काच धूसर होते. उड्डाणाच्या किंवा उतरण्याच्या वेळी असे झाल्यास वैमानिकाला धावपट्टी दिसेनाशी होऊ शकते.

कारणे
हवेचे तापमान २० अंश सेल्सियस व सापेक्ष आर्द्रता ६० टक्के असताना दवबिंदू सुमारे १२ अंश असतो. अरुंद कक्षात श्वासामुळे व ओल्या कपड्यांमुळे आर्द्रता झपाट्याने वाढते. थंड उंचीवरून दमट हवेत उतरतानाही बाष्प धरते.

प्रतिबंध
जमिनीवर असताना कॅनोपी किंचित उघडी ठेवणे हा सर्वांत सोपा उपाय होय. मात्र उड्डाणापूर्वी ती बंद करून कडी तपासणे अनिवार्य असते. व्हॅन्स एअरक्राफ्टच्या आरव्ही मालिकेतील विमाने बांधणारे अनेक जण काचेच्या तळाशी संगणकातील छोटे पंखे बसवतात. सायलेन्सरभोवतीच्या आवरणातून उष्ण हवाही काचेवर सोडता येते. परंतु सायलेन्सरला तडा गेल्यास त्याच मार्गाने विषारी कार्बन मोनॉक्साइड कक्षात शिरतो. म्हणून त्याचे सूचक उपकरण बसवणे आवश्यक ठरते.

निगा
ही काच बहुधा ॲक्रिलिकची असते. अमोनियायुक्त द्रवाने तिच्यावर बारीक भेगा पडतात. त्यामुळे ती पुसण्यासाठी मऊ, स्वच्छ सुती कापड वापरतात.