जीर्णोद्धार आणि जतन : ट्यूक्सबरी मठाचा वाद

इंग्लंडमधील ग्लॉस्टरशर परगण्यातील ट्यूक्सबरी येथील बेनेडिक्टाइन मठाच्या चर्चचा पवित्रीकरणविधी ११२१ मध्ये झाला. त्याचे प्रचंड वर्तुळाकार खांब आणि मनोरा नॉर्मन काळातील आहेत. वरचे दगडी कमानछत मात्र चौदाव्या शतकातील आहे. म्हणजे ही वास्तू मुळातच बहुस्तरीय आहे. आठव्या हेन्रीने चालविलेल्या मठविसर्जनात १५४० मध्ये मठ बरखास्त झाला, तेव्हा गावकऱ्यांनी ४५३ पौंड मोजून चर्च विकत घेतले. ही किंमत छतावरचे शिसे आणि घंटा यांच्या मूल्यावरून ठरली होती. मठाच्या अन्य बऱ्याच इमारती नष्ट झाल्या. उपासनास्थान असल्यामुळे चर्च तेवढे टिकले.

१८७५ मध्ये जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट या वास्तुविशारदाच्या देखरेखीखाली तेथे जीर्णोद्धाराचे काम सुरू झाले. ते वृत्त वाचून विल्यम मॉरिसने मार्च १८७७ मध्ये ‘अथेनियम’ नियतकालिकाला निषेधाचे पत्र लिहिले. त्याच महिन्यात प्राचीन वास्तूंच्या संरक्षणासाठी एक संस्था स्थापन झाली. भिंतींचा जुना गिलावा खरवडण्यास तिचा विरोध असल्याने ‘अँटी-स्क्रेप’ हे टोपणनाव तिला मिळाले. ट्यूक्सबरीचे काम त्यामुळे थांबले नाही. परंतु एका स्थानिक दुरुस्तीतून तत्त्वाचा प्रश्न उभा राहिला.

वास्तूचे ‘मूळ’ रूप कोणते? एखाद्या शतकाला प्रमाण मानले, की नंतरची भर प्रक्षिप्त ठरते आणि काढून टाकली जाते. पाठसंपादनातील पेच असाच आहे. भेद इतकाच, की संपादकाने वगळलेला पाठ हस्तलिखितात शिल्लक राहतो, खरवडलेला दगड परत मिळत नाही. म्हणून मॉरिसपक्षाने पुनर्निर्मितीऐवजी नित्य निगराणीचा आग्रह धरला. उलटपक्षी, नांदत्या उपासनास्थानाला केवळ अवशेष मानता येत नाही, हेही तितकेच खरे. ट्यूक्सबरीचे चर्च वाचले ते उपासकांमुळेच.

जॉन मार्शल यांच्या १९२३ च्या संवर्धन-नियमपुस्तिकेत जुने टिकवण्यावर असाच भर आढळतो. तिच्याद्वारे हा विचार भारतीय पुरातत्त्वव्यवहारात दृढ झाला. मराठीतील ‘जीर्णोद्धार’ या शब्दाला मात्र पुण्यकर्माचा अर्थ चिकटलेला आहे. मॉरिसच्या लेखी त्याचा इंग्रजी प्रतिशब्द विध्वंसाचा सूचक होता. या दोन संज्ञांना समानार्थी मानून केलेला अनुवाद म्हणूनच मूळ वादच पुसून टाकतो.