पावसाळा, पितळ आणि पोट

तांब्या-पितळेची भांडी पुन्हा घराघरांत दिसू लागली आहेत. माळ्यावरचे हंडे-कळशा खाली उतरल्या. हौस चांगलीच आहे. पण परसात, गच्चीवर उघड्यावर राहिलेल्या भांड्यांबाबत सावधगिरी हवी.

कोरड्या हवेत तांबे नुसते काळवंडते. तो थर आतल्या धातूचे रक्षणच करतो. ओलाव्याला कारखान्यांच्या धुरातील गंधकाची किंवा समुद्रावरच्या खाऱ्या वाऱ्याची जोड मिळाली, की हिरवट थर चढतो. यालाच आपण कळंक म्हणतो. कोकणातल्या देवळाची उघड्यावरची घंटा देशावरच्या घंटेपेक्षा लवकर हिरवी पडते, ती यामुळेच.

कळंक म्हणजे तांब्याचे क्षार. त्यांतील काही भाग प्रत्येक पावसात विरघळतो. तांब्याच्या छपरावरून वर्षाला दर चौरस मीटरमागे साधारण १ ते २ ग्रॅम तांबे असे वाहून जाते. पितळेतून तर तांब्यापेक्षा जस्त अधिक वेगाने सुटते.

शरीराला तांबे लागते, पण दिवसाला जेमतेम १ ते २ मिलीग्रॅम. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे २ मिलीग्रॅमपेक्षा जास्त तांबे नसावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. प्रमाण फार वाढले की तोंडाला धातूची चव येते, मळमळते, ओकाऱ्या होतात, पोटात कळा येतात. एका श्रावणात माझ्याकडे एकाच घरातील ५ जण अशा तक्रारी घेऊन आले. गोठ्यापाशी पावसात पडलेली पितळी कळशी नुसती विसळून तीत ताक भरले होते! आंबट पदार्थात कळंक पाण्यापेक्षा कितीतरी अधिक विरघळतो. दुसऱ्या दिवशी सगळे बरे झाले.

तान्ह्या बाळाचे मात्र तसे नसते. कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात तापवलेले व साठवलेले दूध आणि बाळांच्या यकृताचा जीवघेणा सिऱ्होसिस यांचा संबंध पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. आनंद पंडित व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात दाखवून दिला. घरोघरी स्टील आले आणि आज तो आजार क्वचितच दिसतो.

तेव्हा एवढे पाळा :

१) उघड्यावरचे भांडे चिंच-मिठाने लख्ख घासून, स्वच्छ धुऊनच वापरावे.

२) ताक, दही, लिंबूसरबत, आमटी कल्हई नसलेल्या भांड्यात ठेवू नये. पंचामृतही स्टीलच्या किंवा चांदीच्या वाटीत करावे.

३) बाळाचे दूध पितळेत किंवा तांब्यात तापवू अथवा ठेवू नये.

४) नळाच्या पितळी तोटीत थोडे शिसेही असू शकते. सकाळचे पहिले पाणी पिण्यास न घेता धुण्या-भांड्याला वापरावे.

५) ओकाऱ्या थांबत नसतील तर घरगुती उपायांत वेळ न घालवता डॉक्टरांकडे जावे आणि कोणत्या भांड्यातले खाल्ले-प्यायले, तेही सांगावे.

देवळाच्या घंटेवरचा हिरवा थर खुशाल राहू द्या. स्वयंपाकघरात मात्र त्याला थारा नको.