साडेतीन चमच्यांत पस्तीस गुंठे

बेंजामिन फ्रँकलिन यांनी लंडनमधल्या क्लॅपहॅमच्या तळ्यात चमचाभर तेल ओतले आणि वाऱ्याने खळबळणारे पाणी बघता बघता अर्ध्या एकरावर निवले. १७७४ मध्ये ही हकिगत छापून आली. अर्धा एकर म्हणजे वीस गुंठे. चमचाभर तेल तेवढ्या जागेत पसरले, तर थराची जाडी जेमतेम एका रेणूएवढी भरते. हा हिशेब त्या काळी कुणी मांडला नाही. रेणूची मापेच कुणाला ठाऊक नव्हती.

१९२५ मध्ये नेदरलँड्समधल्या लायडन येथे गॉर्टर आणि ग्रेंडेल या संशोधकांनी तांबड्या रक्तपेशींमधली स्निग्ध द्रव्ये, म्हणजे लिपिड, काढून पाण्यावर तशीच एका रेणूच्या थरात पसरली. पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट जागा त्यांनी व्यापली. पेशीचे आवरण दोन पदरी आहे, असा त्याचा अर्थ. गंमत अशी, की त्यांना सगळे लिपिड काढता आले नव्हते आणि पेशींचे क्षेत्रफळही त्यांनी कमीच धरले होते. दोन्ही चुकांची वजावट झाली आणि निष्कर्ष खरा ठरला!

पदर दोन का? आवरणातल्या फॉस्फोलिपिड या लिपिडच्या रेणूचे डोके पाण्याला चिकटून राहते, मेदाम्लांच्या दोन शेपट्या पाणी टाळतात. पेशीच्या आत पाणी, बाहेरही पाणी. मग शेपट्या मधोमध दडतात, डोकी दोन्ही बाजूंना येतात आणि पडदा आपोआप जुळतो. जाडी सुमारे ५ नॅनोमीटर : एका मिलिमीटरचे दोन लाख भाग केले तर त्यातला एक.

आता आपलाच हिशेब करू. प्रौढ शरीरात सुमारे २५ लाख कोटी तांबड्या पेशी असतात. एकीचे आवरण सुमारे १४० चौरस मायक्रॉन. गुणाकार येतो ३,५०० चौरस मीटर, जवळजवळ पस्तीस गुंठे! आणि एवढ्या आवरणाचे घनफळ, त्यातल्या प्रथिनांसकट? साडेसतरा मिलिलिटर, म्हणजे साडेतीन चहाचे चमचे. पेशी जगते सुमारे १२० दिवस, म्हणून शरीराला रोज तीनशे चौरस फूट नवे आवरण घडवावे लागते. मुंबईत एवढ्यात एका कुटुंबाचे घर होते.

हे फक्त तांबड्या पेशींचे झाले. यकृताच्या पेशीत तर बाहेरचे आवरण एकूण पडद्यांच्या अवघे २ टक्के. बाकीचे सगळे आत, घड्या घालून.

आणि हा पडदा स्थिर नाही. लिपिडचा रेणू शेजाऱ्याशी सेकंदाला सुमारे एक कोटी वेळा जागा बदलतो. पण एका पदरातून दुसऱ्यात आपणहून उडी मारायला त्याला महिनाही पुरत नाही. या प्रवाही पडद्याला आवर घालते ते कोलेस्टेरॉल, ज्याचे नाव आपण फक्त तपासणीच्या कागदावर धास्तीने वाचतो.

म्हणून एक विनंती : तेल बेताने खा, पण ताटातून हद्दपार करू नका. पडद्यातल्या शेपट्यांना लागणारी लिनोलेइक आणि अल्फा-लिनोलेनिक ही दोन मेदाम्ले माणसाच्या शरीराला घडवता येत नाहीत. पहिले करडईच्या तेलात भरपूर असते, दुसरे जवसात.