शिगम्याच्या ढोलाशेजारचा उपास

२४ मार्च २०२४ या दिवशी उत्तर गोव्यात दोन सण एकाच तारखेला आले. सकाळी पेडणे, हरमल, डिचोलीच्या चर्चमध्ये लोक हातात झावळ्या धरून मिस्साला उभे होते. तो झावळ्यांचा रविवार होता, म्हणजे येशूच्या दुःखसहनाच्या आठवड्याचा पहिला दिवस. रात्री त्याच गावांत होळी उभी राहिली. डिचोली तालुक्यातलं साळ गाव तर होळीपासून तीन रात्री गड्यांसाठी जागतं. अवसर आलेले, म्हणजे अंगात आलेले, गडे देवचाराच्या (राखणदाराच्या) उजेडामागे डोंगराकडे धावतात आणि ते बघायला सीमेपलीकडूनही माणसं येतात. म्हणजे त्या आठवड्यात चर्चमधलं मौन आणि मांडावरचा ढोल यांच्यात फार तर एखाद्या वाड्याचं अंतर होतं.

हा काही त्या वर्षापुरता योगायोग नव्हता. ईस्टरची तारीखही चंद्रावरून ठरते: वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेपाठचा रविवार. त्यामुळे त्याआधीच्या चाळीस दिवसांच्या उपासकाळात, गोव्यातल्या भाषेत कोरेज्मात, फाल्गुनी पौर्णिमा सहसा सापडतेच. २०२५ साली तर या मेळात रमजानही होता. २ मार्चला रोजे सुरू झाले, ५ मार्चला राखेचा बुधवार आला आणि १४ मार्चला रंग उधळले गेले.

सासष्टीत किंवा बार्देशात हा शेजार इतका दाट जाणवत नाही. तिथे ख्रिस्ती वस्ती मोठी, चर्च सोळाव्या-सतराव्या शतकातली आणि कोरेज्माचा थाटही तसाच. रविवारी प्रवचन चालू असताना पडदा सरकतो आणि गेथसेमनीच्या बागेतला किंवा काट्यांच्या मुकुटाचा प्रसंग समोर उभा राहतो. गोमंतकीय संगीतकारांनी रचलेले लॅटिन मोतेत व्हायोलिनच्या साथीने गायले जातात. थोरल्या गोव्यात, म्हणजे गोवा वेल्हा इथे, सेंट अँड्र्यू चर्चमधून उपासकाळाच्या पाचव्या रविवारनंतरच्या सोमवारी संतांच्या मूर्तींची मिरवणूक निघते. वर्तमानपत्रांतली छायाचित्रं बहुतेक तिथलीच असतात.

पेडणे आणि डिचोलीचा इतिहास वेगळा आहे. डिचोली पोर्तुगीजांच्या ताब्यात गेली १७८१ साली आणि पेडणे १७८८ साली. जुन्या काबिजादींत, म्हणजे पोर्तुगीजांनी आधी जिंकलेल्या मुलखात, देवळं पाडण्याची लाट येऊन गेल्याला तोवर दोन शतकं उलटली होती. नव्या काबिजादींत रयतेच्या धर्मात आणि रीतीत हात न घालण्याचं धोरण सरकारने ठेवलं. म्हणून पेडण्याची भगवती जागेवर राहिली आणि शिवाजी महाराजांनी १६६८ साली जीर्णोद्धार केलेलं नार्वेचं सप्तकोटेश्वर मंदिरही उभं राहिलं. ख्रिस्ती कुटुंबं इथे आली ती बरीचशी जुन्या काबिजादींतून, नोकरी, व्यापार आणि शेतीच्या निमित्ताने. ती थोडी होती आणि आजही थोडीच आहेत.

पर्यटकाला या पट्ट्यातलं ख्रिस्ती स्थळ विचारलं तर तो तेरेखोलचं नाव घेईल. नाव घ्यावं असंच ते आहे. सावंतवाडीकर भोसल्यांनी बांधलेला हा किल्ला १७४६ साली पोर्तुगीजांनी घेतला. आतलं चर्च आज सेंट अँथनीच्या नावाने ओळखलं जातं. १५ ऑगस्ट १९५४ रोजी आल्फ्रेड आफोन्सो यांच्या तुकडीतल्या सत्याग्रहींनी या किल्ल्यावर तिरंगा फडकवला. पुढच्याच वर्षी, १९५५ च्या त्याच तारखेला, इथे आलेल्या सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या आणि हिरवे गुरुजी हुतात्मा झाले.

तेरेखोल गोव्याचं खरं, पण नदीच्या उत्तर काठावर. केरीहून फेरीबोट धरायची, नाहीतर किरणपाणीचा पूल ओलांडून आरोंदा-रेडीमार्गे, म्हणजे महाराष्ट्रातून, गोव्यात परत शिरायचं. गाव लहान आणि बहुतांशी कॅथलिक. गोल्फ मैदानाच्या प्रकल्पाविरुद्ध जमिनीसाठी याच गावाने लढा दिला. शेजारच्या रेडीपासून धर्मप्रांतही बदलतो. गोवा आणि दमणचं आर्चडायोसिस इथे संपतं आणि २००५ साली पुण्यापासून वेगळा केलेला, सावंतवाडीला मुख्य ठाणं असलेला सिंधुदुर्ग धर्मप्रांत सुरू होतो.

तरी कोरेज्म बघायला किल्ल्यात जाऊन उपयोग नाही. ते चर्च एरवी बहुतेक बंद असतं, गजबजतं ते मे महिन्यातल्या फेस्ताला. कोरेज्म असतं वाड्यावाड्यांत. शुक्रवारी संध्याकाळी ‘खुरसाची वाट’ निघते: चौदा थांबे, प्रत्येक थांब्यावर प्रार्थना. पाळी येते ती लहान ख्रिस्ती समुदायांवर, म्हणजे शेजारपाजारच्या घरांनी मिळून केलेल्या गटांवर. शिगम्याचा, म्हणजे होळीच्या सणाचा, रोमट (ढोल-ताशांची मिरवणूक) त्याच रस्त्याने जायचा असेल, तर वेळ आधी विचारून घेतलेली बरी.

उपासाचे नियम वाटतात तितके कडक नाहीत. पूर्ण उपास फक्त राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दोन दिवशी, तोही अठरा ते एकोणसाठ वयाच्या माणसांना. शुक्रवारी मांस वर्ज्य, मासळीला मुभा. गोव्यासारख्या मुलखात मासळीची मुभा देऊन मांस सोडायला सांगणं हा त्याग म्हणायचा की मेजवानी, असा प्रश्न पडतोच. म्हणून पुष्कळ घरं आपणहून मासळी, दारू किंवा गोडधोडही सोडतात. पेडण्याच्या चर्चला तर नियमानेच एक सवलत मिळते. हे चर्च सेंट जोसेफचं आणि या संताचा दिवस १९ मार्च, म्हणजे नेहमीच कोरेज्मात. तो मोठा सण शुक्रवारी आला की मांसवर्ज्याचा नियम त्या दिवसापुरता उठतो. २०२७ साली तसंच होणार आहे.

सोडलेल्या गोष्टीचे पैसे बाजूला पडतात आणि ते कुठे जातात हा भाग खरा महत्त्वाचा. १९६२ साली स्थापन झालेली कॅरितास इंडिया दर वर्षी याच काळात भूकविरोधी मोहीम चालवते. आर्चडायोसिसचं समाजकार्य कॅरितास गोवा बघते. १८३३ साली पॅरिसमध्ये विद्यार्थीदशेतल्या फ्रेदेरिक ओझानाम आणि त्याच्या मित्रांनी सुरू केलेली सेंट विन्सेंट डी पॉल सोसायटी गोव्यातल्या चर्चमधूनही रुजली आहे. तिची पद्धत साधी आहे. सदस्यांनी दोघादोघांनी गरजूच्या घरी जायचं, बसून बोलायचं आणि दिलेल्या मदतीचा बोभाटा करायचा नाही. म्हणून या कामाचे फलक दिसत नाहीत.

इथे गरजही बोभाटा न होणारीच असते. मुलगा जहाजावर, मुलगी लंडनला किंवा आखातात आणि घरात एकटी म्हातारी. डिचोलीत खाणी २०१२ साली आणि पुन्हा २०१८ साली बंद पडल्या, तेव्हा ट्रक घेतलेल्या घरांवर कर्जाचा बोजा राहिला. पेडण्यात २०२३ च्या जानेवारीपासून मोपाच्या विमानतळावरून विमानं उडू लागली आणि जमिनीचे भाव चढले, घरभाडंही. ट्रकचा हप्ता थकला किंवा भाडं वाढलं, तर ते घर किरिस्तांवाचं की हिंदूचं हे बघून होत नाही.

गुड फ्रायडेला घंटा मुक्या होतात आणि त्यांच्या जागी लाकडी मात्राक वाजते. ईस्टर झालं की डिचोलीतल्या शिरगावची पाळी. वैशाख शुद्ध पंचमीला लईराई देवीची जत्रा, तिच्या आधी धोंडांचं, म्हणजे देवीच्या भक्तांचं, व्रत: सोवळ्यातलं अन्न, स्नान, संयम आणि शेवटी निखाऱ्यांवरून चालणं. लोकांच्या मते लईराई आणि म्हापशाची मिलाग्रीस सायबीण, म्हणजे मेरीमाता, या सख्ख्या बहिणी. मिलाग्रीसचं फेस्त ईस्टरनंतरच्या तिसऱ्या सोमवारी असतं. २०२५ साली जत्रा होती २ मे रोजी आणि फेस्त ५ मे रोजी. शिरगावहून सायबिणीच्या दिव्यासाठी तेल आणि म्हापशाहून लईराईसाठी फुलं पाठवण्याची परंपरा सांगितली जाते. फेस्ताच्या दिवशी म्हापशाच्या सेंट जेरोम चर्चपुढे तेल वाहायला जी रांग लागते, तिच्यात हिंदू बायकाही मोठ्या संख्येने असतात.