त्या फॉर्मवर नाव कुणाचं?

नोकरीचा पहिला दिवस. अंगात नवा शर्ट आणि समोर टेबलावर फॉर्मांचा गठ्ठा. ऑफिसातले गृहस्थ बोटाने जागा दाखवत जातात... ‘इथे सही, इथे तारीख, इथे नॉमिनीचं नाव.’ तेवीस वर्षांचा मुलगा क्षणभर थांबतो. लग्न झालेलं नाही, मग नाव कुणाचं घालायचं? तो आईचं नाव लिहितो, नाहीतर धाकट्या भावाचं. गठ्ठा कपाटात जातो.

पुढे लग्न होतं, मुलं होतात, बढत्या मिळतात. घरात सोन्याच्या पावत्या, मुलांचे दाखले, फ्रिजचं वॉरंटी कार्डसुद्धा जपून ठेवलं जातं. ऑफिसच्या कपाटातल्या फॉर्मवरचं नाव मात्र तेच राहतं. आणि कमावतं माणूस एखाद्या दिवशी अचानक गेलं, की तेराव्यानंतर कुणीतरी हळूच विचारतं, ‘ऑफिसातून काय मिळेल?’ घरात कुणालाच नेमकं ठाऊक नसतं.

जे मिळायचं ती मालकाची मेहेरबानी नव्हे, तो कायद्याने दिलेला हक्क आहे. पण हा हक्क आपल्या पायांनी चालत घरी येत नाही. तो मागावा लागतो, आणि मागण्यासाठी तो आहे हे आधी माहीत असावं लागतं.

काय काय मिळतं?

खासगी नोकरीत चार गोष्टी प्रामुख्याने पाहायच्या. (सरकारी नोकरांचे नियम वेगळे आहेत.)

पहिली, प्रॉव्हिडंट फंड. 1952 सालापासूनची ही योजना साधारणपणे 20 किंवा त्याहून अधिक माणसं असलेल्या आस्थापनांना लागू होते. बहुतेक ठिकाणी मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या 12 टक्के रक्कम पगारातून कापली जाते आणि तेवढीच मालक घालतो. सभासद गेल्यावर ही शिल्लक व्याजासह कुटुंबाला मिळते. आणखी एक दिलासा म्हणजे, मृत व्यक्तीच्या डोक्यावर कर्ज असलं, तरी सावकाराला किंवा बँकेला फंडाच्या या रकमेवर जप्ती आणता येत नाही.

दुसरी, पेन्शन. ही योजना 16 नोव्हेंबर 1995 रोजी सुरू झाली. मालकाच्या वाट्यातला 8.33 टक्के भाग तिच्यात जातो. अनेकांना वाटतं, दहा वर्षं नोकरी झाल्याशिवाय पेन्शन नाही. निवृत्त होणाऱ्यासाठी ते खरं आहे. पण नोकरीत असताना सभासद गेला, तर एका महिन्याची वर्गणी भरलेली असली तरी विधवेला पेन्शन मिळते. नोकरी करणारी बायको गेली, तर तोच हक्क नवऱ्याला असतो. शिवाय 25 वर्षांखालील दोन मुलांना प्रत्येकी विधवेच्या पेन्शनच्या चौथ्या हिश्शाइतकी रक्कम वेगळी मिळते. रक्कम मोठी नसते, पण दरमहा येते. मात्र 1 सप्टेंबर 2014 नंतर प्रथमच फंडात आलेल्या आणि त्या वेळी 15 हजारांवर पगार असलेल्या नोकरदारांना या पेन्शनमध्ये घेतलं गेलेलं नाही. पगारपत्रक बघताना हे तपासून घ्यायला हवं.

तिसरी, फंडाला जोडलेला विमा. ही 1976 सालची योजना. तिचा हप्ता नोकरदाराच्या पगारातून कापला जात नाही, मालक भरतो. म्हणूनच बहुधा ती घरी कुणाला माहीत नसते! 2021 साली या विम्याची कमाल रक्कम 7 लाख रुपये करण्यात आली. काही कंपन्या याऐवजी स्वतःचा गट विमा घेतात, पण त्याचे फायदे यापेक्षा कमी असून चालत नाहीत.

चौथी, ग्रॅच्युइटी. 1972 सालच्या कायद्याने आलेला हा हक्क 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत आला आहे. दहा किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेला ती द्यावी लागते. राजीनामा देणाऱ्याला पाच वर्षांची सलग नोकरी लागते, नव्या संहितेनुसार ठरावीक मुदतीच्या नेमणुकीवरच्या माणसाला एक वर्ष पुरतं. पण मृत्यू किंवा अपंगत्व आलं, तर पाच वर्षांची अट लागू होत नाही. तीन वर्षं नोकरी झालेल्या मुलाच्या आईवडिलांना ‘पाच वर्षं झाली नाहीत, काही मिळणार नाही’ असं कुणी सांगितलं, तर ते चूक आहे.

हिशेब सोपा आहे. शेवटच्या मासिक वेतनाला 26 ने भागायचं, 15 ने गुणायचं आणि जितकी वर्षं नोकरी झाली तितक्याने पुन्हा गुणायचं. सहा महिन्यांवरचा काळ पूर्ण वर्ष धरतात. समजा, वेतन 26 हजार आणि नोकरी 18 वर्षं 7 महिने. म्हणजे वर्षं धरली 19, आणि रक्कम झाली 2 लाख 85 हजार. कायद्यातली कमाल मर्यादा मार्च 2018 मध्ये 20 लाख करण्यात आली. ही रक्कम देय झाल्यापासून 30 दिवसांत द्यायची असते, उशीर झाला तर व्याजही द्यावं लागतं.

सासू की सून?

आता पुन्हा त्या फॉर्मकडे वळू. सगळ्यात जास्त मनस्ताप होतो तो इथेच.

फंड आणि ग्रॅच्युइटीचा नियम असा, की कुटुंब असेल तर नॉमिनी कुटुंबातलाच हवा. भाऊ कायद्याच्या व्याख्येत ‘कुटुंब’ नाही. कुटुंब नसताना भावाचं नाव घातलं असेल, तर लग्न झाल्यावर ते नामनिर्देशन आपोआप रद्द होतं. पण मुलावर अवलंबून असलेली आई मात्र कुटुंबात मोडते. तेव्हा लग्नाआधी आईचं नाव घातलेलं आणि नंतर बदललेलं नाही, अशा घरात ते नाव टिकतं की नाही यावर वाद उभा राहतो. ज्या दोघींनी एकमेकींचा आधार व्हायचं, त्या वकिलांमार्फत बोलू लागतात.

खरं तर यात कुणा एकीची निवड करायची गरजच नसते. फॉर्मवर एकाहून अधिक नावं घालता येतात, आणि प्रत्येकीपुढे हिस्सा लिहिता येतो. आईला किती, पत्नीला किती, मुलांना किती, हे जिवंतपणी शांतपणे ठरवणं सर्वांत बरं. पेन्शनचं मात्र तसं नाही. तिथे पत्नी आणि मुलं असताना ती दुसऱ्या कुणाच्या नावे लिहून देता येत नाही. म्हातारी आई मुलावर अवलंबून असेल, तर फंडात आणि ग्रॅच्युइटीत तिचा विचार व्हायला हवा तो यासाठीच.

आणि नावच घातलेलं नसेल तर? 1952 च्या योजनेप्रमाणे फंडाचे कुटुंबात समान वाटे होतात. पण सज्ञान मुलगा आणि नवरा हयात असलेली विवाहित मुलगी यांना त्यात धरलेलं नाही.

मोठ्या पगाराची घरं

साहेबांच्या घरी सगळं नीट असेल असं वाटतं. प्रत्यक्षात तिथे कागद जास्त आणि माहिती तितकीच कमी! मोठ्या हुद्द्यावरच्या माणसाच्या पगारात कंपनीचे शेअर घेण्याचा पर्याय, वार्षिक बोनस, गट विमा, साठलेली रजा असं बरंच काही असतं, आणि प्रत्येकाचे नियम निराळे. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीत अधिकारी नोकरीत असताना गेला, तर त्याला दिलेले शेअरचे पर्याय, पुढच्या वर्षांत मिळायचे असले तरी, मृत्यूच्या दिवशीच वारसांच्या किंवा नॉमिनीच्या हक्काचे होतात. सेबीच्या 2021 च्या नियमांत तसं स्पष्ट म्हटलं आहे. पण ते पर्याय वापरायला कंपनीच्या योजनेत मुदत घातलेली असते. घरात कुणाला ठाऊकच नसेल, तर ती मुदत निघून जाते.

एक रविवार पुरे

यासाठी वकील लागत नाही. फंडाचा 12 अंकी यूएएन क्रमांक घरात लिहून ठेवा. फंडाच्या संकेतस्थळावर आधारच्या मदतीने नॉमिनीचं नाव घरबसल्या भरता येतं, बदलता येतं. पासबुकही तिथेच दिसतं, मालक पैसे वेळेवर भरतो की नाही हे त्यात कळतं. ग्रॅच्युइटी आणि गट विम्याचे फॉर्म वेगळे असतात, ते ऑफिसातून मागून घ्या. फंडात नाव बदललं म्हणून तिथलं बदलत नाही. नेमणूकपत्र, शेवटची पगाराची चिठ्ठी आणि या फॉर्मांच्या प्रती एका फाइलमध्ये लावा, आणि ती फाइल कुठे आहे हे घरातल्या दोघांना तरी सांगून ठेवा. लग्न, मूल, घटस्फोट किंवा घरातला मृत्यू... प्रत्येक प्रसंगानंतर फाइल पुन्हा उघडा.

हा विषय काढणं अनेक घरांत अशुभ मानलं जातं. बायकोने विचारलं तर नवऱ्याला राग येतो, नवऱ्याने काढला तर बायको म्हणते, ‘भलतंसलतं बोलू नका.’ पण ज्याने वीस-पंचवीस वर्षं सकाळचा डबा घेऊन आठ-बाराची लोकल पकडली, त्याच्या कष्टाचा पैसा योग्य माणसाच्या हाती पडावा, यात अशुभ ते काय? येत्या रविवारी, दुपारच्या चहाबरोबर, तो फॉर्म एकदा मागवून बघण्याचं ठरवा. त्यावर कुणाचं नाव आहे ते दोघांनी मिळून वाचा.